बारीक अक्षरांचा इतिहास : बायपासच्या गुंतागुंती आणि त्यांचे धडे

बायपासच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या नातेवाइकांपुढे एक संमतिपत्र ठेवले जाते. त्यात बारीक अक्षरांत एक यादी असते : रक्तस्राव, पक्षाघात, छातीच्या हाडाला जंतुसंसर्ग, औषधाची तीव्र प्रतिक्रिया, मृत्यू. ती यादी वाचण्याच्या मनःस्थितीत तेव्हा कोणी नसते. ‘सही कुठे करायची?’ एवढेच विचारले जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. पण या यादीतली प्रत्येक ओळ कधीतरी पहिल्यांदा लिहिली गेली असणार. कोणत्या तरी रुग्णाच्या बाबतीत काहीतरी अनपेक्षित घडले, ते कोणीतरी नोंदवले आणि मग ते यादीत आले.

बायपासचा इतिहास आपल्याकडे सहसा ‘पहिले कोण’ या प्रश्नाभोवती सांगितला जातो. मी वैद्यकाचा पदवीधर नाही. वैद्यकाचा इतिहास हा माझा आवडीचा विषय आणि जुनी नियतकालिके ही माझी शाळा. त्या वाचनातून माझे असे मत झाले आहे, की आजची बायपास यशांपेक्षा गुंतागुंतींनी जास्त घडवली आहे. आणि यांतल्या दुर्मीळ गुंतागुंतींवरचा इलाज शस्त्रक्रियागृहाइतकाच नोंदवहीत सापडत आला आहे.

आधी थोडक्यात शस्त्रक्रियेबद्दल. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्या पेन्सिलीतल्या शिशाएवढ्या जाडीच्या असतात. त्यांत अडथळा आला, की त्याच्या पलीकडे रक्त पोहोचवण्यासाठी शरीरातलीच दुसरी वाहिनी वापरून पर्यायी वाट तयार करतात. ही वाहिनी पायातली लांब शीर असते, मनगटाजवळची धमनी असते किंवा छातीच्या पिंजऱ्याच्या आतून खाली उतरणारी मॅमरी धमनी असते. शीर वापरली तर तिचे एक टोक महाधमनीला जोडावे लागते. डावी मॅमरी मात्र डाव्या हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीतूनच निघते, त्यामुळे तिचे फक्त खालचे टोक सोडवून हृदयावर जोडले तरी भागते. हा शेवटचा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

अपघातातून उघडलेली वाट

३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका तरुण रुग्णाच्या हृदयाची तपासणी करत होते. नळी महाधमनीत आहे अशा समजुतीने रंगद्रव्य सोडले गेले. पण नळीचे टोक सरकून उजव्या कॉरोनरी धमनीत शिरले होते. सगळे द्रव्य थेट तिथे गेले. असे झाले तर रुग्ण दगावणार, अशीच त्या काळची समजूत होती. त्याचे हृदय काही सेकंद थांबलेही. सोन्स यांनी त्याला खोकायला सांगितले, तो खोकला आणि ठोके परत सुरू झाले. या घटनेतून कॉरोनरी अँजिओग्राफीचा जन्म झाला. अडथळा नेमका कुठे आहे हे जिवंत माणसात दिसू लागले, आणि त्याशिवाय बायपास शक्यच नव्हती.

आता ‘पहिले कोण’ याकडे येऊ. २ मे १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गोएट्झ यांनी एका ३८ वर्षांच्या टॅक्सीचालकाची मॅमरी धमनी टँटलम धातूच्या कड्याने उजव्या कॉरोनरीला जोडली. रुग्ण साधारण वर्षभर जगला. पण सहकाऱ्यांच्या विरोधामुळे गोएट्झ यांनी पुन्हा ती शस्त्रक्रिया केली नाही. एप्रिल १९६२ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये डेव्हिड सेबिस्टन यांनी पायातली शीर वापरून बायपास केली. तिसऱ्या दिवशी रुग्ण पक्षाघाताने गेला. फेब्रुवारी १९६४ मध्ये लेनिनग्राडला वासिली कोलेसोव्ह यांनी धडधडत्या हृदयावर मॅमरी जोडली. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला ह्यूस्टनमध्ये एडवर्ड गॅरेट आणि त्यांचे सहकारी एका ४२ वर्षांच्या रुग्णाची धमनी आतून खरवडून साफ करणार होते. छाती उघडल्यावर ते अशक्य दिसले, म्हणून पायातली शीर वापरून त्यांनी वेळ निभावून नेली. म्हणजे शिरेची पहिली टिकलेली बायपास ही मुळात अडचणीतून काढलेली पळवाट होती.

यातला लक्षात घेण्यासारखा भाग तारखांचा नाही, प्रकाशनाचा आहे. गॅरेट यांची हकिगत छापून आली १९७३ मध्ये. सेबिस्टन यांच्या रुग्णाची हकिगत आली १९७४ मध्ये, तब्बल बारा वर्षांनी. या दरम्यान रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने मे १९६७ पासून क्लीव्हलँडमध्ये पायातल्या शिरेचा पद्धतशीर वापर सुरू केला, लगेच पुढच्या वर्षी त्यावर लिहिले, आणि १९७० अखेरपर्यंत तिथे हजाराहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. श्रेय फावालोरो यांच्या वाट्याला आले ते योग्यच आहे. त्यांनी नोंद ठेवली आणि ती जगापुढे मांडली. पण महाधमनीवर शीर शिवलेल्या पहिल्या रुग्णांपैकी एक मेंदूच्या गुंतागुंतीने गेला होता, ही माहिती बारा वर्षे फारशी बाहेर आली नाही. अपयश उशिरा छापले जाते आणि त्यामुळे उशिरा समजते, हा या इतिहासातला पहिला धडा.

त्याच काळात मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी तेहमटन उडवाडिया, किनरे व परुळकर वेगळ्या वाटेने विचार करत होते. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात पोकळीतले रक्त थेट स्नायूत झिरपते. मग माणसाच्या हृदयाच्या स्नायूला बारीक छिद्रे पाडली तर? १९६५ मध्ये त्यांचा हा प्रबंध अमेरिकेच्या नियतकालिकात छापून आला. छिद्रे बुजतात ही अडचण होती आणि पद्धत रुळली नाही. पण पुढे लेझरने छिद्रे पाडण्याचे प्रयोग जगभर झाले तेव्हा सेन यांच्या या कामाचा आवर्जून उल्लेख झाला. छापून ठेवल्यामुळे तो पुसला गेला नाही.

महाधमनीवरचा चिमटा

सेबिस्टन यांच्या रुग्णाला झालेला पक्षाघात आज बायपासनंतर साधारण शंभरात एक-दोघांना होतो. त्याचे एक मोठे कारण कळायला बराच काळ गेला. शीर जोडण्यासाठी महाधमनीला चिमटा लावावा लागतो. वयस्क माणसाच्या महाधमनीच्या आतल्या बाजूला चुन्याचे आणि चरबीचे थर असतात. चिमटा आवळताना किंवा सोडताना त्यातला कण सुटतो आणि रक्ताबरोबर मेंदूत जातो. जुने शल्यविशारद बोटाने चाचपून थर कुठे आहेत याचा अंदाज घेत. पण मऊ थर बोटाला कळत नाहीत आणि सुटतात तेही तेच. म्हणून छाती उघडल्यावर थेट महाधमनीवर सोनोग्राफीचे टोक ठेवून पाहण्याची पद्धत आली. थर फार असतील तर महाधमनीला हातच लावायचा नाही. दोन्ही मॅमरी वापरायच्या, उरलेली वाहिनी त्यांनाच जोडायची.

पक्षाघाताहून सौम्य पण अधिक बोलली गेलेली तक्रार म्हणजे विसराळूपणा. ‘ऑपरेशननंतर बाबा पहिल्यासारखे राहिले नाहीत’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. २००१ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २६१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी जाताना ५३ टक्के रुग्णांची बौद्धिक चाचणीतली कामगिरी घसरली होती. सहा महिन्यांनी हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले, पण पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्के झाले. खापर हृदय-फुप्फुस यंत्रावर फुटले. यंत्राशिवाय, धडधडत्या हृदयावर करायच्या बायपासला जोर आला. भारतात ही पद्धत विशेष रुजली.

पण त्या अभ्यासात शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरुग्णांशी तुलना नव्हती. जॉन्स हॉपकिन्समध्ये तशी तुलना केल्यावर दिसले, की केवळ औषधांवर असलेल्यांचीही स्मरणशक्ती काही वर्षांत जवळपास तितकीच घसरते. दोष मुख्यतः यंत्राचा नव्हता. मेंदूच्या धमन्याही त्याच रोगाने ग्रस्त होत्या. पुढे १९ देशांतल्या ४७५२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ज्यात भारतीय रुग्णालयेही होती, पाच वर्षांनंतर दोन्ही पद्धतींच्या एकूण परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. गुंतागुंत नोंदवणे जितके महत्त्वाचे, तितकेच तिचे कारण ठरवण्याची घाई न करणेही.

छातीचे हाड

हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी छातीचे मधले हाड उभे चिरतात. ही वाट हर्बर्ट मिल्टन यांनी कैरोमध्ये १८९७ सालीच दाखवली होती. हृदयशस्त्रक्रियेत ती १९५७ नंतर रुळली. शेवटी हाड स्टीलच्या तारांनी बांधतात. बहुतेकांचे ते जुळते. शंभरात एक ते तीन जणांच्या हाडामागे मात्र खोलवर जंतुसंसर्ग होतो. ताप येतो, जखमेतून पाणी येऊ लागते, खोकताना हाड हलल्यासारखे वाटते.

सुरुवातीच्या काळात अशी जखम उघडून नुसती बोळे भरून ठेवत आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावत. साठच्या दशकात जखम बंद करून नळ्यांवाटे प्रतिजैविकांच्या पाण्याने धुण्याची पद्धत आली. खरा बदल झाला तो मेलेले हाड काढून टाकून ती पोकळी जिवंत, रक्ताने भरलेल्या ऊतीने भरण्याच्या कल्पनेने. १९७६ मध्ये आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा छातीत वर खेचून घेण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. शल्यविशारद या पडद्याला पोटातला पोलीस म्हणतात. जिथे संसर्ग तिथे तो जाऊन चिकटतो. १९८० मध्ये अटलांटाच्या मॉरिस जुरकिविच यांच्या गटाने छातीचाच मोठा स्नायू उलटवून ती पोकळी भरण्याची पद्धत मांडली. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. हृदयशल्यविशारदाच्या शेजारी प्लास्टिक सर्जन उभा राहिला तो असा.

नव्वदच्या दशकात जखमेत स्पंज ठेवून यंत्राने सतत हवा ओढण्याची पद्धत आली. जखमा लवकर भरू लागल्या. पण या इलाजानेही आपली एक दुर्मीळ गुंतागुंत आणली. ओढ लागल्यावर हृदयाची पातळ उजवी बाजू हाडाच्या धारदार कडेला टेकते आणि क्वचित फाटते. अशा घटना नोंदल्या गेल्या, तेव्हा हृदय आणि स्पंज यांच्यामध्ये मेणचट जाळीचे अनेक थर घालण्याची दक्षता आली.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा धडा मात्र अगदी साधा आहे. मधुमेही रुग्णांना हा संसर्ग जास्त होतो हे माहीत होते. त्याचे कारण मधुमेह हा रोग, की त्या दोन-तीन दिवसांतली वाढलेली साखर? अमेरिकेतल्या पोर्टलंडचे अँथनी फर्नेरी यांनी १९९९ मध्ये २४६७ मधुमेही रुग्णांची आकडेवारी मांडली. ठरावीक वेळी इन्सुलिनचे इंजेक्शन देण्याऐवजी शिरेतून सतत थेंबाथेंबाने इन्सुलिन दिल्यावर खोल संसर्ग २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आला. अतिदक्षता विभागातली परिचारिका रात्री दर तासाला बोटाला सुई टोचून साखर बघते, तेव्हा रुग्ण वैतागतो. त्या सुईमागे हा हिशेब आहे. घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्या समाजात तो माहीत असायला हवा.

गोठवणारे औषध आणि माशाचे प्रथिन

हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्यांतून रक्त फिरवायचे तर ते गोठता कामा नये. त्यासाठी हेपॅरिन देतात. १९१६ मध्ये जे मॅक्लिन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून त्याचा शोध सुरू झाला. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून बनते. शस्त्रक्रिया संपली की हेपॅरिनचा परिणाम उतरवायला प्रोटामाइन देतात. हे प्रथिन मुळात सामन माशाच्या शुक्राणूंतले.

बहुतेकांना ते काहीच करत नाही. काही थोड्यांचा रक्तदाब मात्र प्रोटामाइन देताच कोसळतो, फुप्फुसांतला दाब वाढतो, हृदय थांबू पाहते. असे का, याचा धागा मधुमेहाच्या इतिहासात सापडला. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन हागेडॉर्न यांनी इन्सुलिनचा परिणाम लांबवण्यासाठी त्यात प्रोटामाइन मिसळले. ‘एनपीएच’ या नावाने मिळणाऱ्या दुधाळ इन्सुलिनमध्ये ते आजही असते. ज्यांनी ते वर्षानुवर्षे टोचून घेतले, त्यांच्या शरीरात प्रोटामाइनविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झालेली असू शकतात. ऐंशीच्या दशकात हा संबंध स्पष्ट झाला. उपाय म्हणजे प्रोटामाइन अगदी हळू देणे, अॅड्रिनलिन हाताशी ठेवणे आणि वेळ आलीच तर रुग्णाला परत यंत्रावर घेणे. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी येऊन ‘कोणते इन्सुलिन घेता? माशाची अॅलर्जी आहे का?’ असे विचारतात, ती चौकशी निरर्थक नसते.

हेपॅरिनची दुर्मीळ गुंतागुंत याहून चमत्कारिक आहे. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधानेच रक्त गोठते. १९५८ मध्ये वाइसमन आणि टोबिन यांनी हेपॅरिनवर असलेल्या रुग्णांच्या धमन्यांत गुठळ्या झाल्याचे नोंदवले, तेव्हा ही विसंगती फारशी कोणी मनावर घेतली नाही. कारण उलगडू लागले ते सत्तरच्या दशकापासून. काहींच्या शरीरात हेपॅरिन आणि रक्तबिंबिकांतले एक प्रथिन यांच्या जोडीविरुद्ध प्रतिद्रव्ये बनतात. त्यामुळे बिंबिका एकमेकींना चिकटतात, त्यांची संख्या घटते आणि गुठळ्या होतात. हे सहसा पाचव्या ते दहाव्या दिवशी दिसते, म्हणजे रुग्ण बरा होऊन घरी जायच्या तयारीत असताना. बिंबिका कमी झाल्या म्हणून त्या बाहेरून चढवणे हा सरळ वाटणारा उपाय इथे आगीत तेल ओतू शकतो. खरा उपाय हेपॅरिन पूर्ण बंद करण्याचा, अगदी सलाइनची नळी धुण्यापुरतेसुद्धा न वापरण्याचा, आणि वेगळ्या जातीचे रक्त पातळ करणारे औषध देण्याचा. अशा रुग्णाच्या कागदांवर ही गोष्ट ठळक लिहिलेली नसेल, तर पुढच्या रुग्णालयात त्याला नकळत पुन्हा हेपॅरिन दिले जाण्याचा धोका राहतो.

उलटा वाहणारा प्रवाह

आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेला तपशील. डावी मॅमरी ही डाव्या हाताच्या धमनीची फांदी आहे. ती शिरेपेक्षा खूप टिकते. दहा वर्षांनी पायातल्या शिरांपैकी जवळपास निम्म्या बंद पडलेल्या किंवा खराब झालेल्या असतात, तर मॅमरी दहातल्या नऊ चालू असतात. १९८६ मध्ये क्लीव्हलँडच्या फ्लॉइड लूप यांनी मॅमरीमुळे रुग्ण जास्त जगतात हे दाखवले आणि ती जगभर पहिली पसंती झाली.

पण मॅमरीच्या उगमाच्या अलीकडे, हाताच्या धमनीच्या मुळाशीच अडथळा आला तर? हाताला रक्त कमी पडते. माणूस डाव्या हाताने बादली उचलतो, पंप हापसतो. हाताचे स्नायू रक्त मागतात आणि जवळची वाट म्हणून मॅमरीतले रक्त हृदयाकडे जायच्या ऐवजी उलटे हाताकडे वाहू लागते. छातीत दुखते. मॅमरी स्वतः निर्दोष असते, जोडही उत्तम असतो. तरी हृदयाचे रक्त हात पळवतो. फिनलंडच्या हार्योला आणि वाल्ले यांनी १९७४ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी या धमनीची तपासणी करण्याचे महत्त्व मांडले, आणि १९७७ मध्ये टायरस आणि बार्नर यांच्या लेखाने या प्रकाराला रक्ताच्या ‘चोरी’चे नाव मिळाले.

मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या डाव्याच हातावर डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडली, तरी असेच होऊ शकते. तिथे रक्ताची ओढ फार मोठी असते. हृदयाचा इतिहास माहीत असेल, तर डायलिसिसची वाट उजव्या हातावर करण्याचा विचार होतो.

इलाज आता अवघड नाही. हाताच्या धमनीत स्टेंट घालतात किंवा मानेतल्या धमनीपासून हाताच्या धमनीपर्यंत छोटी बायपास करतात. आणि शोधायचा मार्ग तर त्याहून सोपा : दोन्ही हातांचा रक्तदाब मोजणे. डाव्या हातात तो पंधरा-वीस अंकांनी कमी भरला तर शंका घ्यायची. दोन मिनिटांचे, बिनखर्चाचे काम. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत रक्तदाब एकाच, जवळ असलेल्या हातावर मोजतात.

फुगलेली शीर, दुसऱ्यांदा उघडलेली छाती

पायातली शीर मुळात कमी दाबाच्या रक्तासाठी घडलेली. महाधमनीला जोडल्यावर तिला धमनीचा दाब सोसावा लागतो. बहुतेक वेळा ती आतून जाड होत बंद पडते. क्वचित उलट होते; ती ठिकठिकाणी फुगते. अशा फुग्याची पहिली नोंद १९७५ मधली आहे. तो सहसा दहा-पंधरा वर्षांनी सापडतो आणि तोही अनेकदा योगायोगाने. खोकला आला म्हणून छातीचा एक्स-रे काढला जातो, हृदयाशेजारी गोल सावली दिसते आणि पहिला संशय गाठीचा, अगदी कर्करोगाचाही येतो. बायपासचा इतिहास न सांगणाऱ्या रुग्णाच्या त्या ‘गाठी’त तपासणीची सुई घालणे जिवावर बेतू शकते. सीटी स्कॅनने शंका फिटते. मग फुग्याच्या जागी आतून आच्छादित स्टेंट घालायचा, त्याची तोंडे बंद करायची, की छाती उघडून तो काढून नवी वाट करायची, हे त्या शिरेवर किती स्नायू अवलंबून आहे त्यावर ठरते.

छाती दुसऱ्यांदा उघडणे ही स्वतंत्र जोखीम. पहिल्या वेळी हृदय आणि हाड यांच्यामध्ये मोकळी जागा असते. दुसऱ्या वेळी सगळे चिकटलेले असते. हाडावर करवत चालवताना त्याखालून जाणारी चालू मॅमरी कापली गेली, तर ज्या वाहिनीवर रुग्ण जगतो आहे तीच तुटते. म्हणून आधी सीटी स्कॅन करून हाड आणि वाहिन्या यांतले अंतर मोजतात आणि गरजेप्रमाणे करवतीपूर्वीच जांघेतल्या वाहिन्यांतून यंत्र जोडण्याची तयारी ठेवतात. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची १९९० मध्ये इंग्लंडमध्ये बायपास झाली होती. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने त्यांची दुसऱ्यांदा बायपास केली. त्यानंतर ते पाच वर्षे पंतप्रधान होते. दुसरी शस्त्रक्रिया शक्य असते आणि नीट पारही पडते, हे त्या निमित्ताने अनेकांनी पाहिले.

जुनी नोंद किती उपयोगी पडते याचे एक चांगले उदाहरण मनगटाजवळच्या धमनीचे आहे. पॅरिसच्या आलँ कार्पांतिए यांनी ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वापरली. ती आकसते आणि बंद पडते असे दिसल्यावर सोडूनही दिली. दीड दशकाहून अधिक काळाने त्यांच्या एका जुन्या रुग्णाची पुन्हा अँजिओग्राफी झाली. जी वाहिनी तेव्हा बंद म्हणून नोंदली होती, ती उघडी आणि चांगली होती. जुने रुग्ण शोधून तपासले गेले. धमनी खराब नव्हती, ती आकसत होती, आणि आकस घालवणारी औषधे आता हाताशी होती. १९९२ मध्ये क्रिस्तोफ आकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही धमनी पुन्हा वापरात आणली. जुनी नोंद नसती तर या पुनर्विचाराला आधारच राहिला नसता.

आपल्या घरातली नोंद

भारतातली पहिली बायपास १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. आज जिल्ह्याच्या ठिकाणीही ही शस्त्रक्रिया होते. पाच दशकांत इतक्या जणांच्या छातीवर ती उभी रेघ उमटली आहे, की बायपास झालेला माणूस सापडणार नाही असे मोठे कुटुंब विरळा. यांतल्या बहुसंख्यांना वर सांगितलेल्यांपैकी काहीही होत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. भीती वाटून आवश्यक शस्त्रक्रिया टाळणे हा या लेखाचा सर्वांत चुकीचा अर्थ ठरेल.

पण दुर्मीळ गुंतागुंतीचा स्वभाव असा, की ती उशिरा येते आणि बहुधा दुसऱ्याच डॉक्टरपुढे येते. शल्यविशारद निवृत्त झालेला असतो, रुग्णालयाने जुने कागद निकाली काढलेले असतात, गाव बदललेले असते. ‘बायपास झाली आहे’ एवढेच रुग्णाला सांगता येते. किती वाहिन्या जोडल्या, कुठून घेतल्या, डावी मॅमरी वापरली का, हेपॅरिन किंवा प्रोटामाइनने काही त्रास झाला का, हे सांगता येत नाही. आणि नेमक्या याच चार गोष्टींवर पुढचा निर्णय ठरतो. घरी जाताना मिळणाऱ्या कागदात वाहिन्यांची माहिती थोडक्यात असते. शस्त्रक्रियेचे सविस्तर टिपण मात्र मागावे लागते, आणि ते मागण्याचा रुग्णाला हक्क आहे.

सेबिस्टन यांच्या रुग्णाची हकिगत बारा वर्षे अंधारात राहिली, कारण ती छापली गेली नाही. आपल्या घरातल्या रुग्णाची हकिगत कपाटातल्या पिशवीत, बिलांच्या आणि एक्स-रेच्या फिल्मच्या मध्ये कुठेतरी पडलेली असते. या सुट्टीत घरातली मंडळी एकत्र असतील, तेव्हा ती पिशवी एकदा उघडावी. शस्त्रक्रियेचे टिपण सापडले तर त्याच्या दोन प्रती काढाव्यात. एक रुग्णाच्या पाकिटात आणि दुसरी मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्ये. सापडले नाही, तर रुग्णालयाला पत्र लिहावे. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर दोन्ही हात पुढे करावेत.